बायोमेडिकल पीएचडी: कोणतं काम कधी करायचं, प्रवेशापासून पहिल्या नोकरीपर्यंत

बायोमेडिकल विषयात पीएचडी करणारी मुलं मेहनतीत कमी पडत नाहीत. चुकतो तो कामांचा क्रम. आधी नमुने गोळा होतात आणि मग एथिक्सची फाईल तयार होते. आधी प्रयोग होतात आणि मग संख्याशास्त्रज्ञाला गाठलं जातं. थिसिस बांधायला गेला की 'पुढे काय' हा प्रश्न समोर येतो. तोवर फेलोशिप संपलेली असते आणि अर्जांच्या बऱ्याच तारखाही निघून गेलेल्या असतात.

खालचे टप्पे भारतातल्या पीएचडीसाठी लिहिले आहेत. तुम्ही विद्यापीठाच्या विभागात असा, पुण्याच्या एनसीसीएस किंवा आयसरसारख्या संशोधन संस्थेत असा, खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात असा किंवा परळच्या एनआयआरआरसीएच या प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेत, क्रम हाच राहतो. गाईडनीही तो वाचावा. विद्यार्थ्याला करिअरसाठी तयार करणं हा त्यांच्याच कामाचा भाग आहे.

## टप्पा १: लॅब निवडणं

विषय आवडला म्हणून लॅब घेतली, असं बहुतेक जण सांगतात. पण विषय दोन वर्षांत बदलू शकतो, गाईड बदलणं फार अवघड जातं. म्हणून चौकशी आधी माणसाची करा.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएचडी विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे दोन मुद्दे पहिल्याच दिवशी पडताळून घ्या. त्यानंतर लॅबच्या गेल्या काही वर्षांतल्या विद्यार्थ्यांची यादी काढा. किती वर्षांत डिग्री मिळाली, पहिल्या लेखकाचा पेपर कोणाच्या नावावर आहे, आज ते कुठे आहेत, हे बघा. हे सगळं पबमेड (वैद्यकीय पेपर शोधायची साईट) आणि लिंक्डइनवर तासाभरात सापडतं.

मग सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला, तेही लॅबच्या बाहेर, चहाच्या टपरीवर. 'सर कसे आहेत?' असं विचारलंत तर 'चांगले आहेत' एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी असं विचारा: पेपरचा पहिला ड्राफ्ट कोण लिहितं? ड्राफ्ट दिल्यावर किती दिवसांत परत येतो? कॉन्फरन्सला कोणाला पाठवतात? मागच्या वर्षी कोणी लॅब सोडली का, आणि का? या चार प्रश्नांतून लॅबचं सगळं वातावरण कळतं.

फेलोशिप स्वतःची असेल तर उत्तम. सीएसआयआर किंवा यूजीसीच्या जेआरएफला (ज्युनिअर फेलोशिप) २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि एसआरएफला (सिनिअर फेलोशिप) ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडं. पहिली दोन वर्षं जेआरएफ, पुढची तीन एसआरएफ, म्हणजे एकूण पाच. डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्याही जेआरएफ आहेत. पगार गाईडच्या प्रोजेक्टमधून मिळणार असेल, तर तो प्रोजेक्ट कोणत्या तारखेला संपतो हे स्पष्ट विचारा. असं विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

तपासा: प्रवेशाची तारीख कुठेतरी लिहून ठेवली का? नियमाप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन वर्षांची सवलत आहे. हे गणित प्रवेशाच्या तारखेपासून चालतं. पहिला प्रयोग कधी केला याच्याशी त्याचा संबंध नाही.

## टप्पा २: कोर्सवर्क आणि प्रश्न ठरवणं

कोर्सवर्क कमीत कमी १२ क्रेडिटचं असतं आणि ते उरकायचं काम म्हणून केलं जातं. त्यातला संख्याशास्त्राचा भाग तेवढा मनापासून करा. आर किंवा पायथन ही संगणकाची भाषा याच काळात शिकून घ्या, नंतर वेळ मिळत नाही.

वाचनाची एक सवय आत्ताच लावा. पेपर घ्या, सारांश आणि चर्चा झाकून ठेवा, फक्त आकृत्या बघा. प्रत्येक आकृतीसाठी एका वाक्यात लिहा: यातून काय सिद्ध होतं, आणि कोणता कंट्रोल (तुलनेसाठीचा गट) नाही. मग लेखकांनी काय दावा केलाय ते वाचा. दर आठवड्याला दोन पेपर असे वाचले तर वर्षभरात तुम्ही जर्नल क्लबमध्ये गप्प बसणार नाही. पुढे कुठल्याही मुलाखतीत हीच ताकद तपासली जाते.

प्रश्न ठरवताना एक कसोटी लावा. उत्तर 'नाही' आलं तरी ते छापण्यासारखं असेल का? उत्तर 'हो' आलं तरच थिसिस होणार असेल, तर तो प्रश्न एकट्याने घेऊ नका. सोबत दुसरा, कमी जोखमीचा प्रश्न ठेवा. गाईडचा सगळ्यात धाडसी प्रोजेक्ट नव्या विद्यार्थ्याच्या एकट्याच्या अंगावर टाकणं हे अन्यायाचंच आहे, आणि ते सर्रास चालतं.

## टप्पा ३: परवानग्या

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे थांबून वाचा.

माणसाचा नमुना, मग ते रक्त असो, ऊती असो किंवा केसपेपरमधली माहिती, हाताळायचा असेल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. आधार आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा. प्राणी वापरायचे असतील तर संस्थेची प्राणी नीतिसमिती, आणि तिथे भरायचा फॉर्म बी. जनुकीय बदल केलेले जीव किंवा रीकॉम्बिनंट (लॅबमध्ये जोडलेला) डीएनए असेल तर संस्थेची बायोसेफ्टी कमिटी. परदेशी संस्थेबरोबर आरोग्य संशोधन असेल तर आयसीएमआरमार्फत एचएमएससीची, म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी. उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदणी.

क्रम असा ठेवा:

१. पहिल्या महिन्यात संस्थेच्या प्रत्येक समितीच्या बैठकांच्या तारखा मिळवा. काही समित्या तीन महिन्यांतून एकदाच बसतात. एक बैठक चुकली तर अख्खी तिमाही जाते.

२. नमुन्यांची संख्या आधी संख्याशास्त्रज्ञाकडून काढून घ्या. समिती पहिला प्रश्न हाच विचारते, आणि 'आधीच्या पेपरमध्ये ३० होते' हे उत्तर चालत नाही.

३. मग अर्ज आणि संमतीपत्र.

४. समितीच्या शंकांची उत्तरं आठवड्याच्या आत द्या. फाईल बहुतेक वेळा अर्जदाराच्याच टेबलावर अडकलेली असते.

५. मंजुरीचं पत्र हातात पडल्यावरच पहिला नमुना.

आता संमतीपत्राविषयी. इंग्रजी मसुद्याचा शब्दशः मराठी अनुवाद करून तो रुग्णापुढे ठेवला जातो. 'आपल्या परिघीय रक्तातील एककेंद्रकी पेशींचे जनुकीय अभिव्यक्ती विश्लेषण करण्यात येईल' हे वाक्य वाचून सोलापूरहून आलेल्या आजींना काय कळणार? तेच असं लिहा: 'तुमच्या हातातून दोन चमचे रक्त घेऊ. त्यातल्या पांढऱ्या पेशी तुमच्या आजारात कशा वागतात ते बघू. या तपासणीचा तुमच्या उपचाराला आज उपयोग होणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी इथले उपचार आहेत तसेच चालू राहतील.' मसुदा झाला की विज्ञानाशी संबंध नसलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या एखाद्याला वाचायला द्या आणि त्यांना काय समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐका. उरलेलं रक्त पुढच्या संशोधनासाठी ठेवायचं असेल तर त्याची परवानगी वेगळ्या चौकटीत मागा. ती नसेल तर तीन वर्षांनी तुमच्याच फ्रीझरमधले नमुने तुम्हाला वापरता येणार नाहीत.

इशारा: 'डॉक्टर ओळखीचे आहेत, उरलेलं रक्त देतात' ही मंजुरी नव्हे. आधी नमुने आणि मागाहून पत्र, असं कुठलीही नीट चालणारी समिती करत नाही. असा डेटा थिसिसमध्ये घालता येत नाही आणि जर्नलही घेत नाही.

तपासा: प्रत्येक मंजुरी कधी संपते? नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये आहे का? पद्धत बदलली तर सुधारणेचा अर्ज दिला का?

## टप्पा ४: साहित्याची ओळख पटवणं

शेजारच्या लॅबमधून फ्लास्क आणला, लेबलवर नाव आहे, पेशी वाढतायत, झालं काम सुरू. असं करू नका. एमडीए-एमबी-४३५ ही सेललाईन (लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशी) कित्येक वर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून जगभर वापरली गेली. पुढे जनुकीय तपासणीत दिसलं की ती एम-१४ ही मेलानोमाची, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाची सेललाईन आहे. तिच्यावर आधारलेले पेपर आजही डेटाबेसमध्ये आहेत.

म्हणून सेललाईन आली की ती वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा. एसटीआर प्रोफाईल, म्हणजे पेशींची डीएनए ओळख, करून घ्या, आयसीएलएसी या आंतरराष्ट्रीय समितीच्या चुकीच्या सेललाईन्सच्या यादीत नाव आहे का बघा, मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची तपासणी करा. मायकोप्लाझ्मा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, मीडिया गढूळही होत नाही, पण पेशींचं वागणं पार बदलतं. तपासणी स्वच्छ आली की लगेच कमी पॅसेजच्या (फारशा पिढ्या न वाढवलेल्या पेशींच्या) पुरेशा व्हायल्स लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवा आणि काम त्यांच्यातूनच करा.

प्रोटीन ओळखायला वापरतात त्या अँटिबॉडीचंही तसंच. कंपनीच्या पत्रकावरचा सुंदर बँड हा पुरावा नव्हे. ज्या पेशींत ते प्रोटीन नाही किंवा कमी केलेलं आहे, अशा पेशींत बँड नाहीसा होतो का, ते स्वतः बघा. कॅटलॉग नंबर आणि लॉट नंबर वहीत लिहा.

## टप्पा ५: प्रयोगाची आखणी आणि वही

इथली सर्वात महागात पडणारी चूक 'एन', म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, मोजण्यातली आहे. तीन उंदीर घेतले आणि प्रत्येकाच्या दहा पेशी मोजल्या, तर एन ३ असतो, ३० नव्हे. एकाच फ्लास्कमधून भरलेली तीन वेल्स (प्लेटमधले खळगे) म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत, एकाच प्रयोगाची तीन मोजमापं होतात. हा फरक रिव्ह्यूअरने दाखवला की वर्षाचं काम पुन्हा करावं लागतं.

प्रयोगाआधी एका कागदावर हे लिहा: प्रश्न काय, एकक कोणतं, एन किती, कंट्रोल कोणते, कोणती चाचणी लावणार, कोणता डेटा कोणत्या कारणाने वगळणार. उंदीर गटांत वाटताना चिठ्ठ्या टाका किंवा संगणकाकडून वाटून घ्या. हाताला आधी लागलेले पाच कंट्रोलला आणि उरलेले पाच औषधाला, असं केलंत तर चपळ उंदीर सगळे एकाच गटात जातात. स्लाईड मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका. प्राण्यांच्या कामात काय काय नोंदवायचं याची अराईव्ह नावाची यादी आहे. ती पेपर लिहिताना भरण्यापेक्षा प्रयोग आखताना समोर ठेवा.

वहीतली एक चांगली नोंद कशी दिसते ते बघा:

*१४ मार्च. प्रश्न: औषध 'क' दिल्यावर ४८ तासांत पेशी मरतात का? एमसीएफ-७, पॅसेज १४, मायकोप्लाझ्मा निगेटिव्ह (२ मार्च). सीरमचा लॉट नवा. ९६ वेल्सची प्लेट, नकाशा मागच्या पानावर. निरीक्षण: कडेच्या वेल्समध्ये कंट्रोलसुद्धा कमी, बहुधा बाष्पीभवन. ठरवलं: पुढच्या वेळी कडेच्या वेल्समध्ये फक्त बफर. मूळ फाईल: सर्व्हर, फोल्डर मार्च, प्लेट ३. आजचा आकडा निष्कर्षासाठी वापरायचा नाही, कारण वर दिलंय.*

फसलेला दिवसही असा लिहिला तर पुढे उपयोगी पडतो. 'एमटीटी (जिवंत पेशी मोजायची चाचणी) केलं, चाललं नाही' एवढी नोंद वर्षभराने तुम्हाला स्वतःलाही कळणार नाही.

वेस्टर्न ब्लॉटचं (प्रोटीन तपासणीचं) न कापलेलं मूळ चित्र, फ्लो सायटोमेट्रीची (पेशी मोजणीची) मूळ फाईल, सीक्वेन्सिंगचा कच्चा डेटा, हे सगळं त्याच दिवशी दोन ठिकाणी ठेवा आणि एक प्रत संस्थेबाहेर ठेवा. मात्र रुग्णांची ओळख पटेल अशी माहिती वैयक्तिक ड्राईव्हवर कधीही नको.

इशारा: चित्राचा उजेड किंवा काँट्रास्ट वाढवायचा असेल तर पूर्ण चित्राचा वाढवा. एखादा बँड खोडणं किंवा दुसऱ्या ब्लॉटमधून आणून चिकटवणं म्हणजे गैरव्यवहार. गाईडनी सांगितलं तरी करू नका. पहिलं नाव तुमचं असतं.

## टप्पा ६: दिशा ठरवणं (दुसरं-तिसरं वर्ष)

हा टप्पा लोक पाचव्या वर्षावर ढकलतात. त्याची जागा इथे आहे, कारण प्रत्येक वाटेला पुरावा वेगळा लागतो आणि तो जमवायला दोन वर्षं जातात.

सायन्स करिअर्स या साईटचं 'मायआयडीपी' हे करिअर आखण्याचं मोफत साधन घ्या. कौशल्यं, आवड आणि मूल्यं यांच्या प्रश्नावल्या भरा आणि निकाल गाईडसमोर ठेवा. 'सर, मला शिकवण्यात रस आहे' हे सांगायला मुलं घाबरतात. गाईडनी ही बैठक स्वतःहून, वर्षातून एकदा, प्रयोगाचा विषय न काढता घ्यावी. माझ्या मते चांगल्या लॅबची खरी परीक्षा हीच.

संशोधनातच राहायचं असेल तर पहिल्या लेखकाचा पेपर आणि पोस्टडॉक लागेल. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा महाराष्ट्राची सेट ही पात्रता परीक्षा आत्ताच देऊन टाका. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. शिवाय प्रॅक्टिकल शिकवण्याचा अनुभव मागून घ्या. आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याचं किंवा संशोधन-साहाय्याचं काम देण्याची तरतूद नियमातच आहे. लस किंवा बायोसिमिलर (जैविक औषधांच्या प्रतिकृती) कंपन्यांत जायचं असेल तर तिथे प्रमाणित कार्यपद्धती, दस्तऐवज आणि पडताळणीची भाषा लागते, जीएमपी (उत्पादनाचे) आणि जीएलपी (लॅबचे) या दर्जाच्या नियमांची ओळख लागते. पेटंटच्या कामासाठी विज्ञानाची पदवी असलेल्यांना पेटंट एजंटची परीक्षा देता येते. मेडिकल रायटिंगसाठी लिहिलेले नमुने लागतात, सर्टिफिकेट दुय्यम.

नुसतं वाचून ठरवू नका. तुम्हाला हव्या त्या नोकरीत असलेल्या तीन माणसांशी वीस-वीस मिनिटं बोला. 'नोकरी आहे का' हे विचारू नका. 'कालचा तुमचा दिवस कसा गेला?' हे विचारा. उत्तर ऐकून उत्साह वाटला तर पुढे चला.

तपासा: दर सहा महिन्यांच्या आरएसी (संशोधन सल्लागार समिती) बैठकीआधी तुमच्या सीव्हीत एक तरी नवी ओळ आली का?

## टप्पा ७: पेपर, आणि त्याआधी पेटंट

थिसिस जमा करण्याआधी पेपर असलाच पाहिजे, ही यूजीसीची अट २०२२ पासून नाही. तुमच्या विद्यापीठाची असू शकते, तेवढं बघा. अट नसली तरी पुढच्या बहुतेक वाटांवर पेपर विचारतात.

लेखकांचा क्रम प्रयोग सुरू होतानाच बोलून ईमेलवर नोंदवा. काम बदललं की क्रमही पुन्हा बोला. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलच्या संपादकांच्या समितीचे लेखकाविषयीचे निकष सगळ्यांना माहीत हवेत: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि जबाबदारी, चारही. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालणं यात बसत नाही.

शोधाला पेटंट मिळण्याची शक्यता असेल तर पोस्टर, प्रीप्रिंट (छापण्याआधी ऑनलाईन टाकलेला पेपर) आणि पेपर या तिन्हींच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा. पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात. गोव्याच्या कॉन्फरन्सला पोस्टर लावून आल्यावर पेटंट सेलला फोन केला, तर बहुतेक देशांत उशीर झालेला असतो.

जर्नलकडून 'आदरणीय संशोधक' असं खुशामतीचं ईमेल आलं आणि आठवड्यात छापून देतो म्हणाले, तर तिकडे जाऊ नका. तुम्ही स्वतः ज्या जर्नलमधले पेपर वाचता, त्यांच्यातूनच निवडा.

## टप्पा ८: शेवटचं दीड वर्ष

थिसिस जमा करण्याची तारीख धरून मागे मोजत या.

१८ महिने आधी: पोस्टडॉकच्या दहा लॅब निवडा. फेलोशिपच्या वेळेच्या अटी बघा. उदाहरणार्थ, युरोपच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला अर्जाच्या अंतिम तारखेला पीएचडी मिळालेली असावी लागते आणि त्यानंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. व्हायवा महिनाभर पुढे गेला तर अख्खं वर्ष हुकतं.

१५ महिने आधी: ईमेल. एकच मजकूर पन्नास जणांना धाडण्याची सवय सोडा. चार परिच्छेद पुरतात: तुम्ही कोण, तुमच्या कामातला एक ठोस निष्कर्ष, त्यांच्या अमुक पेपरमधल्या अमुक आकृतीनंतर तुम्हाला पडलेला प्रश्न, आणि कधीपासून येऊ शकाल. दहा दिवसांनी एकदाच आठवण करा.

सीव्हीतही असंच. 'वेस्टर्न ब्लॉट, क्यूपीसीआर, सेल कल्चर' ही यादी सगळ्यांकडे असते. 'रुग्णांच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या करण्याची पद्धत लॅबमध्ये नव्याने बसवली आणि दोन ज्युनिअरना शिकवली' या ओळीतून काय काम केलं ते दिसतं. कंपनीसाठी सीव्ही दोन पानांत आटोपा, पोस्टर आणि कॉन्फरन्सची यादी काढून टाका.

१२ महिने आधी: शिफारसपत्रासाठी तीन माणसं पक्की करा. त्यातला एक जण तुमच्या लॅबबाहेरचा हवा. आरएसीतले सदस्य यासाठीच कामाला येतात. त्यांना तुमच्या कामाचा एक पानी गोषवारा द्या, म्हणजे पत्रात नुसतं 'मेहनती आणि प्रामाणिक' येणार नाही.

९ महिने आधी: नवे प्रयोग बंद. थिसिसच्या पद्धती आणि निकाल आधी लिहा, प्रस्तावना शेवटी. साम्य तपासणीत (दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य किती ते बघताना) १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. पण सॉफ्टवेअर चालवून शब्द इकडेतिकडे करण्यापेक्षा पद्धतीचा भाग स्वतःच्या वहीतून स्वतःच्या शब्दांत लिहा. साम्य मुळात कमीच येईल.

३ महिने आधी: हस्तांतर. फ्रीझरचा नकाशा, सेललाईन्स, प्लाझमिड, पासवर्ड, कोड, मूळ डेटा, मंजुरींच्या फाईली, सगळं ज्युनिअरच्या शेजारी बसून दाखवा आणि त्याच्याकडून एक प्रयोग तुमच्या वहीवरून करून घ्या. जिथे तो अडेल तिथे नोंद अपुरी आहे. ती त्याच दिवशी पुरी करा, आणि मगच नो ड्यूजचा फॉर्म सह्यांसाठी फिरवायला घ्या.